गुळवेल, हळद, हिरडा : औषधी वनस्पतींच्या सूजविरोधी चाचण्यांच्या नोंदी

‘सूज उतरवते’ आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे दोन दावे बहुतेक औषधी वनस्पतींच्या नावापुढे जोडीनंच लिहिलेले असतात. दोन्ही दावे प्रयोगशाळेत पेशींवर तपासून पाहायचे, हे आमचं काम. ज्यांना असंच काम हाती घ्यायचं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. कुठे अडलं, कशामुळे अडलं आणि पुढे काय केलं, एवढंच यात आहे.

३ जून : काय मोजायचं, काय नाही

वनस्पती ठरल्या : गुळवेल, हळद, अश्वगंधा, हिरडा आणि सालईचा डिंक. प्रत्येकीला दोन प्रश्न विचारायचे. उंदराच्या मॅक्रोफेज पेशींना (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या भिंतीतला दाह चेतवणारा पदार्थ, देऊन चेतवलं, तर अर्क तो प्रतिसाद कमी करतो का? आणि एलपीएस न देता नुसता अर्क दिला, तर पेशी चेततात का? पहिला प्रश्न सूज उतरण्याचा, दुसरा प्रतिकारशक्तीचा. पेशी रॉ २६४.७, प्रयोगशाळेत वाढवली जाणारी मॅक्रोफेजची जात. चेतलेल्या पेशी सोडतात त्या नायट्रिक ऑक्साइडसाठी ग्रीस अभिक्रिया (त्यापासून झालेलं नायट्राइट रंगावरून मोजते), टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ या दाहाच्या संदेशवाहक प्रथिनांसाठी एलायझा (प्रतिपिंडांच्या मदतीनं प्रथिन मोजणारी चाचणी). तुलनेसाठी १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन, हे सूज उतरवणारं स्टेरॉइड.

तीन गोष्टी मुद्दाम वगळल्या. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन तापवायचं आणि अर्कामुळे ते किती कमी गढूळ झालं ते बघायचं, ही चाचणी सोपी आणि स्वस्त आहे, म्हणून फार वापरली जाते. पण तिचा शरीरातल्या सुजेशी संबंध इतका लांबचा आहे की तिच्या आकड्यावरून पुढचा कुठलाही निर्णय घेता येत नाही. डीपीपीएच या रंगद्रव्यानं अँटिऑक्सिडंट ताकद मोजण्याच्या चाचणीचंही तसंच : जांभळा रंग उडाला म्हणजे सूज उतरली असं होत नाही. तिसरी, उंदरांच्या पंजाला कॅरॅजिनन टोचून सूज मोजण्याची पद्धत. ती १९६२ पासून वापरात आहे आणि कामाचीही आहे. पण पेशींवरचा निकाल भक्कम झाल्याशिवाय प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. नैतिकता समितीकडे अर्ज करायचा तर हातात भरवशाचे आकडे हवेत.

११ जून : गुळवेल की दुसरंच काही

आलेल्या गुळवेलीच्या मालात काही खोडांवर ठळक गाठी होत्या, अगदी बोटाला खरखरीत लागणाऱ्या. खऱ्या गुळवेलीच्या, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या, खोडावर वातरंध्रांचे उंचवटे असतात, पण अशा दाट गाठी टिनोस्पोरा क्रिस्पाच्या. या दोन्ही वेली भावंडं आहेत, पानंही हृदयाकृती, आणि वाळवून तुकडे केल्यावर ओळखणं आणखी कठीण. पूड केली की डोळ्यांनी काहीच कळत नाही. २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या रुग्णांचे अहवाल प्रसिद्ध झाले, त्यानंतर नेमकी कुठली वेल घेतली होती यावर बराच वाद झाला. त्यामुळे इथे ढिलाई परवडणारी नाही.

एचपीटीएलसीवर (अर्कातले घटक पट्ट्यांत वेगळे करणारी पद्धत) प्रमाणित नमुन्याशेजारी पट्टे चालवले. सिलिका जेल, वर ॲनिसअल्डिहाइड-सल्फ्युरिक ॲसिडचा फवारा, मग तापवणी. पट्ट्यांची नक्षी जुळली नाही. सगळा माल बाजूला ठेवला.

आता नियम असा : पूड घ्यायची नाही. अखंड खोड, शक्यतो पानांसकट, घ्यायचं. त्याची एक फांदी दाबून, वाळवून वनस्पतिसंग्रहात क्रमांकासह ठेवायची. डीएनए बारकोडिंग (डीएनएवरून जात ओळखणं) करायचं असेल तर वाळवण्यापूर्वीच पानाचा तुकडा सिलिकाच्या दाण्यांत ठेवावा. काढा उकळल्यावर डीएनए तुटलेला असतो, तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो.

१९ जून : काढा

शार्ङ्गधरसंहितेत क्वाथाचं माप आहे : द्रव्याच्या सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. आम्ही तेच माप धरलं. मिथेनॉलनं काढलेला अर्क जास्त ‘ताकदवान’ निघतो आणि शोधनिबंधांत तोच जास्त दिसतो. पण माणसं मिथेनॉलचा अर्क पीत नाहीत. परंपरा तपासायची तर परंपरेची कृती तपासावी, असं आमच्याबरोबर काम करणाऱ्या वैद्यांचं म्हणणं होतं आणि ते पटलं. हळद आणि सालई मात्र पाण्यात उतरत नाहीत. त्यांच्यासाठी इथेनॉल, आणि पुढे विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक.

काढा गाळताना ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लगेच चोंदला. आधी फडक्यातून, मग सेंट्रिफ्यूज, मग ०.४५ आणि शेवटी ०.२२, असं उतरत जावं लागतं. नाहीतर फिल्टरचा खर्च रसायनांपेक्षा जास्त होतो. लायोफिलाइज केलेली (गोठवून वाळवलेली) गुळवेलीची पूड दमट हवेत चिकट गोळा होते. एकदा बाटली उघडली की वजनाचा भरवसा संपला. त्यामुळे एकेका प्रयोगापुरत्या लहान कुप्या भरून, सील करून, उणे २० अंशांवर ठेवल्या.

२ जुलै : पेशींनीच वेळ खाल्ला

मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठणठणीत दिसत होत्या, मीडियाही गढूळ नव्हता. पण मायकोप्लाझ्मा मॅक्रोफेजना आधीच चेतवून ठेवतो. अशा पेशींवर दाहाची चाचणी करणं म्हणजे भरलेल्या भांड्यात किती पाणी मावतं ते मोजणं. सगळ्या फ्लास्क ऑटोक्लेव्ह केल्या, इन्क्युबेटर धुतला, नवी कुपी वितळवली. जूनची सगळी तयारी पुन्हा.

नव्या पेशींबाबत दोन गोष्टी. रॉ २६४.७ च्या पेशी ट्रिप्सिननं सोडवत नाही, खरवडून काढतो. आणि पॅसेज ३० च्या (तीस वेळा नव्या भांड्यात वाढवल्याच्या) पुढे त्या वापरत नाही, कारण त्यांचा स्वभाव बदलत जातो.

एलपीएसची मात्राही ठरवली : मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम. अनेक जण १ मायक्रोग्रॅम देतात. त्या मात्रेला पेशींचा प्रतिसाद शिखरावर जाऊन सपाट झालेला असतो आणि मध्यम ताकदीचा अर्क असेल तर त्याचा परिणाम दिसतच नाही. आधी एलपीएसचाच वक्र काढा आणि चढणीवरची मात्रा निवडा.

१५ जुलै : मोकळ्या खळग्यातला जांभळा रंग

पहिल्या पूर्ण प्लेटचे (बारीक खळग्यांची तबकडी) आकडे आले. हिरड्यानं नायट्राइट जवळजवळ शून्यावर आणलं, आणि एमटीटीनुसार (जिवंत पेशी जांभळं करतात असं पिवळं रंगद्रव्य) पेशी शंभर टक्क्यांहूनही जास्त जिवंत. म्हणजे पेशी न मारता सूज पूर्ण बंद. हुरळून जावं असाच निकाल. पण एमटीटी घालण्यापूर्वी मी त्याच प्लेटचे फोटो काढले होते. त्यांत हिरड्याच्या वरच्या मात्रेतल्या पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या स्पष्ट दिसत होत्या. सुटलेल्या पेशी शंभर टक्क्यांहून जास्त जिवंत असतील कशा?

दुसऱ्या दिवशी पेशी न घालता प्लेट लावली. खळग्यांत फक्त मीडिया, हिरड्याचा अर्क आणि एमटीटी. पिवळं द्रावण आधी तपकिरी झालं, मग कडेनं जांभळट. तीन तासांनी तळाशी बारीक जांभळे कण बसले, जिवंत पेशी असल्यावर बसतात तसेच. हिरड्यातली पॉलिफेनॉल एमटीटीला स्वतःच क्षपित करून तेच जांभळं रंगद्रव्य, फॉर्मझान, बनवत होती. तिथे एकही पेशी नव्हती.

तेव्हापासून प्रत्येक अर्काची पेशीविरहित प्लेट आधी लावतो. एमटीटी वापरायचंच तर घालण्यापूर्वी पेशी पीबीएसनं (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुतो. आणि जगण्या-मरण्याचा निर्णय केंद्रकं मोजून घेतो : होएक्स्ट या डीएनएला चिकटणाऱ्या रंगानं रंगवायचं, फोटो काढायचे, मोजायचं. वेळ जास्त लागतो, पण अर्काच्या रसायनाची त्यात ढवळाढवळ होत नाही.

याच पद्धतीनं अश्वगंधाही पुन्हा पाहिली. तिचा नायट्राइटचा उतार आणि केंद्रकांच्या संख्येचा उतार जवळजवळ एकावर एक बसतात. तिच्यातलं विदाफेरिन-ए अगदी कमी मात्रेतही पेशींना मारक असतं, तेव्हा यात नवल नाही. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, म्हणून तिला ‘सूज उतरली’ म्हणता येत नाही. पेशी शाबूत असतात अशी एक अरुंद पट्टी खालच्या मात्रांत आहे. तिथे आयएल-६ थोडं उतरतं. अश्वगंधेबद्दल आमच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे.

६ ऑगस्ट : हिरडा बाजूला

ग्रीस अभिक्रियेवरही संशय होता. ५० मायक्रोमोलर सोडियम नायट्राइटच्या द्रावणात हिरड्याचा अर्क घालून थेट ग्रीस अभिकर्मक टाकला. यात पेशींचा काही संबंधच नव्हता. रीडिंग ५० च्या बरंच खाली आलं. ग्रीसचं मिश्रण आम्ल असतं, आणि आम्लात नायट्राइट फेनॉलांवर जाऊन बसतं. मोजायला उरतच नाही. म्हणजे जुलैतला नायट्राइटचा तो शून्य काही अंशी परीक्षानळीतच घडला होता.

मग एलायझाकडे वळलो. ज्ञात प्रमाणात टीएनएफ-अल्फा घालून ते परत किती सापडतं ते पाहिलं. हिरड्याच्या अर्कात ते पुरतं सापडेना. टॅनिन प्रथिनांना धरून बसतं, कातडं कमावण्यात त्याचा उपयोग त्याचमुळे होतो. एलायझा किटमध्ये ९६ खळगे असतात. प्रमाण वक्राचे सोळा गेले आणि प्रत्येक नमुना दुहेरी लावला की चाळीसच नमुने बसतात. त्यांतले बरेच या तपासात गेले. पण ते आधी गेले नसते तर सगळे नमुने चुकीचे आकडे देत राहिले असते.

पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी पूड) घालून टॅनिन काढून टाकता येतं. काढलं, आणि अर्काचा सगळा परिणाम गेला. हे उत्तर नव्हे, कारण हिरड्यातलं चेब्युलॅजिक ॲसिड स्वतःच टॅनिन आहे. अडथळा काढायला जावं तर औषधच निघून जातं. शिवाय पोटात घेतलेली ही टॅनिनं जशीच्या तशी रक्तात जात नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांतल्या एलॅजिटॅनिनांपासून युरोलिथिन बनवतात आणि शरीरात फिरतात ती ही युरोलिथिनं. म्हणजे काढा थेट पेशींवर ओतून हिरड्याचा प्रश्न सुटणारच नाही. तो मुळात वेगळ्या रीतीनं विचारायला हवा. हिरड्याच्या कुप्या फ्रीझरमध्ये परत गेल्या.

२४ ऑगस्ट : हळद

कर्क्युमिन ७.४ पीएचच्या बफरमध्ये, सीरम नसेल तर, अर्ध्या तासात बहुतांश मोडून जातं. १० टक्के सीरम असलेल्या मीडियात ते टिकतं, पण आठेक तासांत निम्मं गेलेलं असतं. त्यामुळे २४ तासांच्या प्रयोगात शेवटी पेशींसमोर नेमकं काय असतं, हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. आम्ही स्टॉक रोज ताजा केला, हूडचा दिवा मालवून काम केलं, प्लेटला फॉइल गुंडाळलं. रंगाचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी झाला. कर्क्युमिनचा शोषणपट्टा ४२५ नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि ग्रीसचं रीडिंग ५४० ला घेतात. तरी अर्काचा स्वतंत्र ब्लँक प्रत्येक मात्रेला ठेवलाच.

हळदीचा निकाल सरळ आला. पेशी शाबूत असलेल्या मात्रांत नायट्राइट, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ तिन्ही उतरतात, परत केलं तरी उतरतात. हे लिहिताना आनंद होतो, कारण इतक्या गाळण्यांतून टिकून आलेला हा पहिलाच परिणाम.

पण ज्या मात्रेला तो दिसतो ती १० ते २० मायक्रोमोलर कर्क्युमिनच्या तोडीची आहे. ग्रॅमभर कर्क्युमिन तोंडानं घेतलं तरी रक्तात मोकळं कर्क्युमिन त्याच्या फार खाली राहतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर जैवउपलब्धता २००० टक्के वाढल्याचं नोंदलं आहे. तो आकडा सगळीकडे सांगितला जातो. मूळ पातळी इतकी कमी होती की मोजता येणं कठीण होतं, हे मात्र कोणी जोडीला सांगत नाही. आमच्या अहवालात प्लेटवरची मात्रा आणि रक्तातली पातळी शेजारी-शेजारी छापायची, असं ठरवलं आहे.

१० सप्टेंबर : गुळवेलीचा धक्का

नव्या, ओळख पटलेल्या गुळवेलीचा अर्क. एलपीएस न देता नुसता अर्क घातला आणि टीएनएफ-अल्फा उसळलं. मात्रेनुसार सुंदर चढत जाणारा वक्र, पेशी ठणठणीत. प्रतिकारशक्तीचा दावा समोर उभा राहिला होता. प्रयोगशाळेत त्या दिवशी सगळे खूश होते. वैद्यांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “चांगलं झालं. आता मोडून बघा.”

मोडून बघायला पॉलिमिक्सिन-बी आहे. ते एलपीएसच्या लिपिड-ए भागाला घट्ट धरतं आणि निष्क्रिय करतं. अर्कात पॉलिमिक्सिन घालून तीच प्लेट पुन्हा लावली. वक्राचा बहुतेक भाग आडवा झाला.

म्हणजे पेशींना उठवणारी गोष्ट बहुतांशी गुळवेल नव्हती, गुळवेलीवर राहणारे ग्राम-निगेटिव्ह जिवाणू होते. जिवाणूही नव्हेत, ते तर उकळताना मेले. त्यांच्या भिंतीतला एलपीएस, ज्याला एंडोटॉक्सिनही म्हणतात, तो उरला होता. काढा उकळून तो जात नाही, ऑटोक्लेव्हनं भरवशानं जात नाही, ०.२२ च्या फिल्टरमधून तो आरामात पार होतो. निर्जंतुक आणि एंडोटॉक्सिनमुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचलेलं होतं. त्याचं वजन किती, ते आज कळलं. रॉ पेशी मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमहून कमी एलपीएसलाही उत्तर देतात.

२२ सप्टेंबर : एंडोटॉक्सिन आलं कुठून

एकेक पायरी सुटी करून तपासली. काचसामान २५० अंशांवर ३० मिनिटं कोरडं भाजलं, त्यावरचा वाटा गेला. पाणी पायरोजेनमुक्त (एंडोटॉक्सिनसारख्या ताप आणणाऱ्या पदार्थांशिवायचं) घेतलं, थोडा फरक पडला. मोठा फरक पडला तो दोन ठिकाणी. खोड तोडल्यापासून उकळेपर्यंतचा वेळ ही पहिली जागा. दुसरी, ठेचलेलं खोड रात्रभर पाण्यात भिजत ठेवण्याची पायरी. गुळवेल सत्त्व काढताना खोड असंच भिजवतात, म्हणून आम्हीही एक नमुना तसा केला होता. पिष्ट आणि शर्करा सुटलेलं कोमट पाणी रात्रभर उघडं राहिलं तर जिवाणूंना याहून चांगली सोय नाही. सकाळी उकळलं तरी रात्री तयार झालेला एलपीएस भांड्यातच राहतो.

मोजायलाही अडचण आली. नेहमीची एलएएल चाचणी, जी घोड्याच्या नालासारख्या दिसणाऱ्या खेकड्याच्या रक्तापासून बनते, ती बीटा-ग्लुकॅनलाही प्रतिसाद देते. वनस्पतीच्या आणि बुरशीच्या भिंतींत ते असतंच. त्यामुळे आकडा फुगतो. दुसऱ्या बाजूनं अर्कातली फेनॉलं अभिक्रिया दाबून आकडा कमीही करतात. त्याऐवजी रिकॉम्बिनंट फॅक्टर-सी (त्या रक्तातल्या एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या प्रथिनाचं प्रयोगशाळेत बनवलेलं रूप) वापरलं, म्हणजे बीटा-ग्लुकॅनचा मार्ग बंद झाला. प्रत्येक नमुन्यात ज्ञात एंडोटॉक्सिन घालून ते परत सापडतं का तेही पाहिलं. शंभरपट पातळ केल्यावर सापडायला लागलं. त्याआधीचे आकडे वापरले नाहीत.

५ ऑक्टोबर : एकाच डागातून दोन्ही दावे

या कामातली सगळ्यांत महत्त्वाची नोंद हीच आहे.

जुलैत गुळवेलीनं सूजविरोधी चाचणीतही चांगले गुण दाखवले होते. अर्क २४ तास आधी द्यायचा, धुवायचं, मग १०० नॅनोग्रॅम एलपीएस. टीएनएफ-अल्फा निम्म्याहून खाली. म्हणजे नुसता अर्क दिला तर पेशी जागतात, आणि आधी देऊन ठेवला तर दाह कमी होतो. अशा वागण्याला ‘इम्युनोमॉड्युलेटर’ म्हणायची पद्धत आहे. गरजेप्रमाणे वाढवतं आणि गरजेप्रमाणे कमी करतं, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

एंडोटॉक्सिनचा आकडा हातात आल्यावर एक साधा प्रयोग केला. अर्कात जेवढं एंडोटॉक्सिन सापडलं तेवढाच शुद्ध एलपीएस, गुळवेलीशिवाय, पेशींना २४ तास आधी दिला. धुतलं, मग १०० नॅनोग्रॅम. टीएनएफ-अल्फा जवळजवळ तितकंच उतरलं. थोडा एलपीएस आधी मिळालेल्या मॅक्रोफेज दुसऱ्या मात्रेला थंड प्रतिसाद देतात. याला एंडोटॉक्सिन टॉलरन्स म्हणतात आणि ते जुनं, प्रस्थापित ज्ञान आहे. एकाच अशुद्धीनं एका चाचणीत प्रतिकारशक्ती वाढवली आणि दुसऱ्या चाचणीत सूज उतरवली. अर्क आधी द्यायचा की एलपीएससोबत द्यायचा, एवढ्यावरून निष्कर्ष उलटतो.

आधी देऊन ठेवण्याच्या पद्धतीनं घेतलेले गुळवेलीचे सगळे जुने आकडे आम्ही बाद केले. जुलै-ऑगस्टचं बरंच काम त्यात गेलं. पण हाच प्रयोग दुसऱ्या कुणी एंडोटॉक्सिन न मोजता केला असेल, आणि त्यावर विसंबून कुणी आजारी माणूस औषध घेत असेल, हा विचार मनातून जात नाही. कुठलाही पाण्यातला अर्क तपासणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की टीएनएफ मोजण्याआधी एंडोटॉक्सिन मोजा.

१२ ऑक्टोबर : स्वच्छ गुळवेल

ताजं खोड, साल वरून घासून धुतलेली, तोडल्या दिवशीच ठेचून लगेच उकळलेलं, भाजलेलं काचसामान. उरलेलं एंडोटॉक्सिन ट्रायटन एक्स-११४ नं ओढून काढलं : थंडीत मिसळायचं, ३७ अंशांवर आणायचं, डिटर्जंटचा थर खाली बसतो आणि एंडोटॉक्सिन त्यात जातं. डिटर्जंटचा अंश पेशींना मारतो, म्हणून नंतर मणी वापरून तोही काढायचा आणि नुसत्या बफरवर हीच सगळी प्रक्रिया करून कंट्रोल ठेवायचा.

एवढं केल्यावर वरच्या मात्रांत थोडा प्रतिसाद उरला. पॉलिमिक्सिन घालूनही तो उरतो. उरलेला प्रतिसाद गुळवेलीतल्या पॉलिसॅकराइडचा असू शकतो. गुळवेलीचं अरॅबिनोगॅलॅक्टन टीएलआर-४ या पेशीवरच्या ग्राहीमार्गे पेशींना चेतवतं असे शोधनिबंध आहेत. अडचण अशी की एलपीएसचं दारही टीएलआर-४ च आहे. त्यामुळे टीएलआर-४ अडवला आणि प्रतिसाद थांबला, एवढ्यावरून दोघांत निवाडा होत नाही. वेगळं करायचं ते रसायनानंच : पॉलिसॅकराइड मोडणारी विकरं लावून प्रतिसाद जातो का ते पाहायचं, आणि एंडोटॉक्सिन प्रत्येक टप्प्यावर मोजत राहायचं. विकरांच्या बाटल्यांतही एंडोटॉक्सिन असू शकतं, म्हणून आधी त्याच तपासणार.

२८ ऑक्टोबर : सालई

डीएमएसओमधला अर्क मीडियात घातला की पांढरे कण बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पेशींवर सुयांसारखे पडलेले दिसले. विरघळलेलं नसेल तर मात्रा किती, हे सांगताच येत नाही. शिवाय बॉस्वेलिक आम्लांचं मुख्य लक्ष्य म्हणून ५-लिपॉक्सिजिनेज हे विकर सांगितलं जातं. त्यासाठी त्यापासून बनणारं दाहकारक ल्युकोट्राइन बी-४ मोजायला हवं, आणि पेशी हव्यात न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. रॉ पेशींना विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. सालईसाठी स्वेच्छेनं दिलेलं मानवी रक्त लागेल, त्याच्या परवानगीचा अर्ज तयार होतो आहे.

१८ नोव्हेंबर : मांडणीतले बदल

प्लेटच्या कडेच्या खळग्यांत बाष्पीभवन जास्त होतं आणि आकडे सरकतात. कडेला आता फक्त पीबीएस भरतो. ९६ पैकी ६० खळगेच हाती राहतात, तरीही. कुप्यांवर वनस्पतीचं नाव लिहीत नाही. सहकारी मैत्रीण सांकेतिक क्रमांक देते आणि आकडे कुलूपबंद झाल्यावरच यादी उघडते. फोटोंतली केंद्रकं मोजताना मनात अपेक्षा असली की हात तिकडे झुकतो.

आणखी एक. एकाच कुपीतून भरलेले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या वेळी तोडलेल्या मालाचे अर्क स्वतंत्रपणे करून निकाल टिकला, तरच त्याला पुनरावृत्ती म्हणायचं. यानं काम कित्येक पटींनी वाढलं आहे. वनस्पती ऋतूप्रमाणे बदलते, त्याला इलाज नाही.

९ डिसेंबर : सद्यस्थिती

हळदीचा परिणाम दुसऱ्या मालातही टिकला. तिसरा माल वाळतो आहे. अश्वगंधेची अरुंद पट्टी दुसऱ्या मालात आणखी अरुंद झाली. तिच्यात विदाफेरिन-ए जास्त निघालं. हिरडा थांबलेला आहे. युरोलिथिनं वेगळी आणून पाहायची सूचना वैद्यांनीच केली.

माणसाच्या मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड फारसं बनवतच नाहीत, त्यामुळे पुढच्या टप्प्यात ग्रीस अभिक्रिया सोडून दिली आहे. टीएचपी-१ या माणसाच्या पेशी पीएमए या रसायनानं प्रौढ (मॅक्रोफेजसारख्या) करून, धुऊन, विश्रांती देऊन टीएनएफ-अल्फा मोजायचं ठरलं. टीएनएफ लवकर चढतं, ४ ते ६ तासांत, म्हणून ते आणि आयएल-६ एकाच वेळी गोळा करायचं नाही. पहिल्या प्लेटवर हळद आणि स्वच्छ गुळवेल एवढंच जाईल. गुळवेलीसाठी विकरांची एंडोटॉक्सिन तपासणी सोमवारी लावतो.